सुपाएवढा कान

पडदा वर जातो. मागं पैठण गेटची कमान आणि तिच्यावर बसलेली कबुतरं. डाव्या विंगेला एक पत्र्याची शेड, दारात टेकवलेली तीन सायकलींची चाकं, आत भाता आणि ऐरण. उन्हाळ्यातली सकाळ, नऊचा सुमार. शेडच्या उंबऱ्यावर एक सडपातळ माणूस उकिडवा बसून वाकसानं बाभळीचं लाकूड तासतो आहे. उजव्या विंगेतून एक जुनी मोटार येते, आणि ती दिसण्याआधी तिचा आवाज येतो. टक. जरा थांबून, टक. पुन्हा थांबून, टक.

माणूस मान वर करत नाही. फक्त त्याच्या हातातला वाकस थांबतो.

हा कय्युम मिस्त्री. मी पन्नास वर्षं रंगभूमीवर काढली. राजे पाहिले, राण्या पाहिल्या, राक्षस तर स्वतः केले. पण बसल्या जागेवरून, एक शब्द न बोलता सगळा रंगमंच ताब्यात घेणारा माणूस मी एवढाच पाहिला.

साल एकोणीसशे एकोणचाळीस. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. मी काकासाहेबांच्या नाटक मंडळीत विनोदी भूमिका करायचो. आमची ती मोटार म्हणजे बंद डब्याची एक म्हातारी व्हॅन होती. काकासाहेबांनी ती हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून जुनी घेतली होती. दोन्ही अंगांना मंडळीचं नाव, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत. चाकं जुन्या पद्धतीची, लाकडी आऱ्यांची. वर रबरी टायर असला तरी आत बैलगाडीसारखे जाडजूड आरे. अशा चाकांत हात घालणारा कारागीर मिळणं तेव्हाही अवघड झालं होतं. कय्युम मिस्त्रीचा बाप खुलताबादेत गाडीची चाकं करायचा. हा पोरवयात लाकूड शिकला, मग लोखंड, मग मोटार. म्हणून लाकडी चाकाची मोटार बिघडली की माणसं पैठण गेटला यायची.

यायची असं म्हणतो, कारण चार वर्षांपूर्वी ती यायची थांबली. आणि ती थांबवण्यात माझा हात होता. हात म्हणण्यापेक्षा, कान होता.

सांगतो.

चार वर्षांपूर्वी, पस्तीस साली, हीच गाडी हाच आवाज करत याच शेडसमोर उभी राहिली होती. कय्युमनं गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या डाव्या चाकाच्या आऱ्यांवर बोटाच्या पेरानं एकेक करून वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "तुंब्यात तीन आरे सैल झालेत. नवे घालावे लागतील. बाभूळ हाय माझ्याकडं मुरलेली. चार दिस लागतील."

तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ज्यात सगळे आरे बसवलेले असतात.

काकासाहेबांना चार दिवस नको होते. त्यांना परवा जालन्याला खेळ होता. आमच्यातल्या कुणीतरी, बहुधा बैलगाडीतून सामान नेण्याच्या दिवसांतला अनुभव सांगत, सल्ला दिला: उन्हानं लाकूड आकसलंय, चाक पाण्यात घाला. आमच्याकडे गाडीवान उन्हाळ्यात तसंच करतात. झालं. चाक काढून खाम नदीच्या डोहात एक दिवस बुडवून ठेवलं, लाकूड फुगलं, आरे घट्ट बसले. चाक जोडून गाडी फिरवली तर आवाज गायब! काकासाहेब हसून हसून खाली बसले. "मिस्त्रीच्या कानातच टकटक होती रे!"

एवढ्यावर राहिलं असतं तर आज मी हे लिहीत नसतो. पण काकासाहेब जातिवंत नट. त्यांना प्रत्येक गोष्टीत प्रवेश दिसायचा. जालन्याहून परतल्यावर शुक्रवारी शहागंजच्या मैदानात आमचा दुपारचा खेळ होता, निजामी राज्यात सुट्टी शुक्रवारची. दोन अंकांच्या मध्ये त्यांनी एक फार्स घातला. एक मिस्त्री, त्याला सुपाएवढा कान. कागदाच्या लगद्याचा तो कान आमच्या पेंटरनं एका सकाळीत केला. मिस्त्री गाडीला कान लावतो, टक म्हणतो. बैलाला कान लावतो, टक म्हणतो. तालुकदारसाहेबांच्या हुक्क्याला कान लावतो, टक. शेवटी स्वतःच्या बायकोच्या डोक्याला कान लावतो आणि तिथं मात्र, "काहीच नाही!"

तो मिस्त्री मी केला होता. टाळ्या आणि शिट्ट्यांनी कनात फाटायची वेळ आली. आणि मी दुसऱ्यांदा वाकून मुजरा करताना तिसऱ्या रांगेत मला दिसला कय्युम मिस्त्री. शेरवानी घालून आला होता. काकासाहेबांनीच त्याला फुकट पास पाठवला होता. तो म्हणे घरी सांगून आला होता की बघा, मोठ्या माणसानं मला बोलावलं. बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बायकांत त्याची बेगम हसीनाबी होती.

त्या दिवसापासून गाव त्याला टकटक मिस्त्री म्हणू लागलं. तो रस्त्यानं निघाला की पानाच्या दुकानातून कुणीतरी जिभेनं आवाज काढायचं. मशिदीत चपला काढताना मागून टक. मुलीची सोयरीक जमली त्या दिवशी नवरदेवाच्या मामानं चहाच्या बशीवर चमचा वाजवला, टक, आणि पाहुणे हसले. ज्या कानाच्या जोरावर तो जगत होता, तो कानच गावानं खोटा ठरवला. मोटारवाले दुसरीकडं जाऊ लागले. राहिली सायकलची चाकं.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही जालन्याला, परभणीला, नांदेडला टाळ्या घेत फिरत होतो. आणि चाकाला दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा कंठ फुटला होता. प्रत्येक उन्हाळ्यात बुडवायचं, प्रत्येक वेळी आवाज जरा लवकर परत यायचा. शेवटी शेवटी तीन दिवसांत.

आता या उंबऱ्यावरच्या प्रवेशाकडं परत या.

काकासाहेब गाडीतून उतरले. सिल्कचा सदरा, हातात चांदीच्या मुठीची छडी. राजाची चाल त्यांच्या अंगात इतकी मुरलेली होती की ते मोरीकडं जातानासुद्धा दरबारात निघाल्यासारखे दिसत.

"ओळखलंत का, मिस्त्री?"

"तुम्हाला नाय. गाडीला वळखलं."

"आवाज येतोय."

"व्हय?" कय्युमनं वाकस खाली ठेवला. "मला तर काय ऐकू येत नाय बुवा."

गोणपाटाच्या पडद्याआडून हसीनाबीचा आवाज आला, "आज कुनाचे कान वाजतायत, पुसा जरा!"

काकासाहेब लालबुंद झाले, पण गिळलं. कारण अडचण खरी होती. परवा पिशोरच्या बाजाराला आमचा खेळ ठरलेला. वाट खुलताबादच्या घाटातून. गाडीत सामान आणि बावीस माणसं. जालन्यात आणि आणखी दोन ठिकाणी तीन मिस्त्र्यांनी चाक तपासलं होतं. तिघांनीही गाडी जॅकवर उचलली, चाक हातानं गरगर फिरवलं, आवाज नाही म्हणाले, बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं आणि हात पुसले. गाडी खाली उतरली की टक. आमचा ड्रायव्हर लक्ष्मण पिशोरकडचाच. घाट त्याला पाठ. त्यानं गाडी शेडपर्यंत आणली आणि चावी काकासाहेबांच्या हातात ठेवली होती. "मालक, ह्या चाकावर घाट उतरायचा आसंल तर तुमीच बसा म्होरं. माजी लेकरं ल्हान हायेत."

काकासाहेबांना गाडी चालवता येत नव्हती.

"मिस्त्री," ते म्हणाले, "झालं गेलं विसरा. काय लागेल ते घ्या, पण हा आवाज शोधा."

"शोधतो की." कय्युम उठला. हात झटकले. "पर माझा कान तर तुमी खोटा ठरवला, काकासाहेब. भर मैदानात. चारशे मानसांपुढं. खोट्या कानानं मी खरा आवाज कसा शोधू? आता तुमचा कान लावा. तुमी ऐकायचं, तुमी सांगायचं. मी नुसत्या खुणा करनार."

"म्हणजे?"

"हा आवाज वजन आसलं तरच बोलतो. उचललं की मुका. म्हनून त्या तिघांना घावला नाय. गाडी भरलेलीच पायजे आन चालती पायजे. तुमी मागच्या डाव्या चाकाशेजारून चालायचं. आवाज झाला की मोठ्यानं टक म्हनायचं. पैठण गेटपासून सिटी चौकापर्यंत."

"बाजारातून?"

"रस्ता तिकूनच जातो." मग तो थांबला. मी आयुष्यात अनेक विराम घेतले, पण इतका नेमका विराम मला कधी साधला नाही. "आन तो कान घालायचा. पेटीत आसंल अजून."

कान पेटीतच होता. मधल्या काळात तो एका राक्षसाला कामी आला होता, म्हणून त्याला हिरवा रंग लावलेला होता.

मी पुढं झालो. मला राहवलं नाही. म्हणालो, "मिस्त्री, तो कान मी घातला होता. मी घालतो. मी चालतो."

त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुमी पगारी मानूस, मुकुंदराव. वाक्य तुमचं नव्हतं. बाजूला व्हा." आणि मग, जराशानं, "पर घंटा तुमी वाजवा. खेळ हाय तर घंटा पायजे."

काकासाहेब बराच वेळ छडीच्या मुठीकडं पाहत उभे होते. गाडीत बावीस माणसं बसलेली, सगळी खिडकीतून बघणारी. लक्ष्मणनं चावी मागायला हात पुढं केला नाही. शेवटी काकासाहेबांनी तो हिरवा कान डोक्यावर चढवला, नाडी हनुवटीखाली बांधली.

मी घंटा दिली. पहिली, दुसरी, तिसरी. लक्ष्मणनं चावी घेतली आणि गाडी निघाली.

पैठण गेटच्या आत शिरताच चाक बोललं. काकासाहेब पुटपुटले, "टक."

कय्युम मागून चालत होता, हातात खडू. प्रत्येक टकेला तो खाली वाकून त्या क्षणी जमिनीकडं आलेल्या आऱ्यावर पांढरी रेघ ओढायचा. "काय म्हनला? मला ऐकू नाय आलं. बहिरा हाय मी."

"टक!"

गुलमंडीवर पोचेपर्यंत बाजार जागा झाला. कापडवाले गज हातात घेऊन दारात आले. अत्तरवाल्यानं बाटलीचं बूच तसंच उघडं ठेवलं. टांगेवाल्यांनी टांगे बाजूला लावले. आणि मग एक आवाज उठला, "अरे मियाँ, ये तो वोइच कान है!"

"कौनसा?"

"शहागंजवाला! नाटकवाला!"

गर्दीला सगळं आठवलं. चार वर्षं ज्या नावानं त्या माणसाला टोचलं, त्या नावाचा कान आता दुसऱ्याच डोक्यावर होता. पोटभर हसू फुटलं. हिमरू शालींच्या दुकानातला एक म्हातारा गल्ल्यावर उभा राहिला. काकासाहेबांचा चेहरा मी पाहिला. बत्तीस वर्षं राजा केलेला माणूस. पण माझ्यापुढं कय्युमची पाठ होती, आणि ती पाठ चार वर्षांत पहिल्यांदाच सरळ झाली असावी अशी चालत होती.

पण ऐका, इथं नाटकानं वळण घेतलं. कय्युमनंही ते योजलेलं नव्हतं.

मच्छली खडकाच्या अलीकडं काकासाहेबांच्या आतला नट जागा झाला. हसू तर हसू, ते आपल्यासाठीच आहे, हे त्यांच्या रक्ताला कळलं. पुढच्या टकेला त्यांनी हात कानामागं नेऊन असा काही चेहरा केला की गर्दी खूश. त्याच्या पुढच्या टकेला ते चाकापुढं गुडघ्यावर बसले आणि मुजरा केला. टाळ्या! शिट्ट्या! "वाह, मालक! और एक बार!" टक म्हणायचे तेही आता सुरात. गर्दी त्यांच्यासोबत टक म्हणू लागली. पाहता पाहता तो काकासाहेबांचा खेळ झाला. एका हमालानं कुणाच्या तरी गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला.

मी कय्युमकडं वळून पाहिलं. त्याचा खडूचा हात थांबला होता. चेहरा राखेसारखा. त्याला समजलं होतं. ज्या बाजारात काकासाहेबांची अब्रू काढायची, त्याच बाजारानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं. उद्या गाव म्हणेल, टकटक मिस्त्रीमुळं काय मजा आली! पुन्हा तोच टकटक, पुन्हा तेच हसू.

सिटी चौक आला. शहागंजचं मैदान तिथून थोडं पुढं. कय्युम पुढं गेला आणि गाडीच्या तोंडाला हात लावून ती थांबवली. मग तो काकासाहेबांजवळ आला. गर्दी अजून हसत होती. त्यानं शांतपणे त्यांच्या हनुवटीखालची नाडी सोडली, कान काढला, माझ्या हातात दिला. गळ्यातला हार काढला, तोही माझ्याकडं. काकासाहेबांचा घामेजला चेहरा आता उघडा होता. केस विस्कटलेले.

"सोंग संपलं, काकासाहेब," तो म्हणाला. "आता तुमच्या तोंडानं सांगा. चाकात आवाज हाय का नाय?"

गर्दीला वाटलं हाही खेळाचाच भाग. पण काकासाहेबांना कळलं. हात वर करावा की खाली ठेवावा, हे त्यांना न सुचलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

"आहे," ते म्हणाले.

"चार वर्सांमागं होता का नव्हता?"

काकासाहेब ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले.

"शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पायजे, काकासाहेब. तुमी नटांना तसंच शिकवता म्हनं. होता का नव्हता?"

"होता."

"कुनाला ऐकू आला होता?"

चौक इतका गप्प झाला की टांग्याच्या घोड्यानं शेपटी झाडलेली ऐकू आली.

"कय्युम मिस्त्रीला," काकासाहेब म्हणाले. नुसत्या माणसाच्या आवाजात. तो आवाज मी त्यांच्या घशातून पूर्वी ऐकला नव्हता. आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मग कय्युम चाकाशी बसला. खडूच्या रेघा तीन आऱ्यांवर होत्या, एकावर एक ओढून जाड झालेल्या. बाकीचे आरे कोरे. त्यानं काकासाहेबांचा हात धरला, अगदी हक्कानं, आणि त्या तीन आऱ्यांपैकी एकावर ठेवला. "हलवा." आरा तुंब्यात हलला, टक असं म्हणून. दोन्ही बाजूंची माणसं वाकून बघत होती.

"बैलगाडीच्या चाकाला वरून लोखंडी धाव तापवून आवळलेली आसते," त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "ती धरून ठेवती, म्हनून ते पान्यात चालतं. मोटारीच्या चाकाला तशी आवळन नाय. पान्यानं लाकूड फुगतं, एकमेकाला चेपतं, मरतं. वाळलं की पयल्यापेक्षा सैल. चार वर्सं तुमी हे चाक बुडवून बुडवून मारलं. घाटात ते तुमाला मारनार होतं."

गाडीतल्या बायकांतून कुणीतरी "आई गं" म्हणालं.

"मग आता?" लक्ष्मणनं विचारलं.

"आता हितून ही गाडी एक गज हलायची नाय. चाक मी नेतो. बाभूळ हाय मुरलेली." त्यानं उभं राहून काकासाहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. "चार दिस लागतील."

पिशोरचा खेळ गेला. तिथल्या बाजारकऱ्यांनी आमच्या नावानं काय काय म्हटलं ते लक्ष्मणच्या भावानं नंतर सांगितलं, ते छापण्याजोगं नाही. आमची व्हॅन चार दिवस सिटी चौकात तीन चाकांवर आणि एका विटांच्या ढिगाऱ्यावर उभी राहिली, दोन्ही अंगांना मंडळीचं नाव मिरवत, एकीकडं मराठीत आणि एकीकडं उर्दूत, म्हणजे वाचायचं कुणाचं राहू नये. येणारा जाणारा आऱ्यांची गोष्ट विचारायचा आणि सांगणारे डझनभर होते. कोतवालीचा जवान तर गाडीला टेकून हीच गोष्ट सांगत उभा राहायचा. टकटक मिस्त्री हे नाव त्या चार दिवसांत गावातून गेलं.

मी रोज शेडवर जाऊन बसायचो. कय्युम बोलायचा नाही. पण काम असं करायचा की बघत राहावं. आरा तासून तुंब्यात बसवायचा, काढायचा, पुन्हा केसभर तासायचा. सूड उगवायचा म्हणून काम वाईट करावं, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. ते चाक पुढं आमची मंडळी मोडेपर्यंत टिकलं. आवाज म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी हसीनाबीनं पडद्याआडून माझ्यासाठी चहा पाठवला. कप ठेवताना तो बशीवर किंचित वाजला, आणि पडद्यामागं ती हसली. मी मान खाली घातली.

पाचव्या दिवशी चाक जोडलं. काकासाहेबांनी गाडीत बसताना कय्युमला नमस्कार केला. त्यानं मान हलवली, एवढंच.

काकासाहेब गेले शेहेचाळीस साली. मोठा नट, मोठ्या मनाचाही. पुढं आमच्यातल्या कुणी कारागिराची टिंगल केली तर ते चिडायचे. ते गेल्याची बातमी सांगायला मी त्या उन्हाळ्यात पैठण गेटला गेलो. शेडसमोर दोन मोटारी उभ्या होत्या. कय्युम म्हातारा झाला होता, पण कान शाबूत होता. मी येतोय हे त्यानं पाठमोऱ्यानंच ओळखलं, माझा एक बूट करकरायचा.

मी म्हणालो, "मिस्त्री, काकासाहेब गेले. शेवटच्या आजारात तुमचं नाव काढलं होतं त्यांनी. आता तरी राग गेला असेल?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. पैठण गेटच्या कमानीतून आत, गुलमंडीकडं, जिथवर दिसतं तिथवर पाहिलं. मला वाटलं डोळे भरून येतील, आणि मी, जन्माचा नट, त्या क्षणासाठी चेहरा तयार करत होतो.

"सिटी चौकातच थांबलो मी, मुकुंदराव," तो म्हणाला. "शहागंजापर्यंत न्यायला पायजे होतं."